संख्याशास्त्रातली मुलगी, मॅनेजमेंटची पीएचडी

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिला पुढं एखाद्या आयआयएममध्ये डिसिजन सायन्सेसची पीएचडी करायची आहे. पाहुणे म्हणतात, तिथं जायचंच तर एमबीए करून नोकरी धरावी. या विषयाचे प्राध्यापक नेमकं करतात तरी काय? आणि गणिताच्या मुलीचं मॅनेजमेंटच्या संस्थेत काय काम?
— एक आई, पलूस

उत्तर : ताई, तिला जाऊ द्या. मी सांगलीचीच. विलिंग्डन कॉलेजात गणित शिकले, पुढं ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, म्हणजे मोजक्या साधनांत काम उत्तम कसं बसवायचं याच्या गणितात, पीएचडी केली आणि आज एमबीएच्या वर्गांना हाच विषय शिकवते. त्यामुळं पाहुण्यांचं बोलणं मला तोंडपाठ आहे.

आमचं काम तुम्हाला परकं वाटायचं नाही. कारखाना दिवसाला ठरावीक टनच ऊस गाळतो. आडसाली, सुरू, खोडवा हे उसाचे प्रकार वेगवेगळ्या वेळी पक्व होतात. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. तोडणीच्या टोळ्या मोजक्या, ट्रॅक्टर मोजके. मग आज कुणाच्या फडात टोळी घालायची? कारखान्याची गव्हाण, म्हणजे जिथं ऊस टाकतात ती जागा, रिकामी राहता कामा नये आणि वजनकाट्यावर गाड्या तुंबताही कामा नयेत. हे सगळं समीकरणांत मांडून हंगामाचा तोडणी कार्यक्रम काढणं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

त्यातला रांगेचा भाग मला आजही सर्वांत आवडतो. एकच काटा आहे, गाड्या कशाही वेळी येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमी-जास्त होतो, असं धरा. काटा 80 टक्के वेळ गुंतलेला असेल, तर साध्या सूत्रानं काट्यावरची धरून सरासरी 4 गाड्या तिथं असतात. 90 टक्क्यांना 9 होतात, 95 ला 19. म्हणजे काटा जरा जास्त वापरायला गेलं, की शेतकऱ्याचा सगळा दिवस रांगेत जातो. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की मुलं गप्प होतात, मग बँकेची, दवाखान्याची उदाहरणं स्वतःच काढायला लागतात.

आता मॅनेजमेंटची संस्था का? कारण कार्यक्रम कागदावर कितीही उत्तम असला, तरी तो टोळीच्या मुकादमाला पटला पाहिजे आणि ज्याचा ऊस मागं राहिला त्या शेतकऱ्यालाही न्याय्य वाटला पाहिजे. पाऊस कधी येईल, टोळी कधी गावाकडं निघून जाईल, हे माहीत नसताना निर्णय घ्यायचा असतो. डिसिजन सायन्सेस त्याचा अभ्यास करतं. हा विषय मुळातच एका खोलीत बसणाऱ्यांचा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ऑपरेशन्स रिसर्च करणाऱ्या पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटात शरीरशास्त्राचे लोकही होते. आपल्याकडं ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया 1957 पासून आहे.

वाट अशी : कॅट किंवा गेट या परीक्षेचे गुण, काही ठिकाणी नेटची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती), मग मुलाखत. पहिली दोन वर्षं अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. आयआयएममध्ये पीएचडीला विद्यावेतन मिळतं, त्यामुळं पैशाची फार काळजी नको. पुढं सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक. बढती मुख्यतः शोधनिबंधांवर ठरते, आणि इथं चिकाटी लागते. चांगल्या नियतकालिकाचे परीक्षक एकाच निबंधात दोन-तीनदा दुरुस्त्या सांगतात, त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. नकार तर नेहमीचाच. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र तिनं स्वतः ठरवायची आहे. आपला ओढा पद्धत शोधण्याकडं आहे की प्रश्न सोडवण्याकडं? तोडणीसारख्या समीकरणांतून सर्वांत चांगलं उत्तर शोधायला जॉर्ज डँट्झिगनं 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत मांडली; ती व्यवहारात झकास चालते, पण काही मुद्दाम रचलेल्या उदाहरणांत तिचा वेळ बेसुमार वाढतो. 1984 मध्ये नरेंद्र करमरकर या आपल्या मराठी माणसानं अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत वेगळीच वाट काढली : शक्य उत्तरांच्या आकृतीच्या कडेकडेनं, सिम्प्लेक्ससारखं, न जाता आतून. तिला अशा सिद्धतांचं वेड असेल, तर गणिताची पकड आणखी घट्ट करावी लागेल. दवाखाना, एसटी, बाजार समिती असे प्रश्न खुणावत असतील, तर मैदानात जाऊन आकडे गोळा करायची तयारी हवी. दोन्हीकडं मान आहे. मी दुसऱ्या वाटेची, आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुलींनी ती धरावी असं मला मनापासून वाटतं, कारण फड आणि काटा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. अर्ज करण्याआधी तिनं तिथल्या दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे निबंध वाचावेत. सगळं कळलं नाही तरी चालेल. ज्यांचा प्रश्न रात्री जेवतानाही तिच्या डोक्यातून जात नाही, त्यांना पत्र लिहावं, आणि त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात तेही विचारावं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय ठरला नसेल, तर येत्या गाळपात जवळच्या कारखान्याची परवानगी काढून काट्यावरच्या गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा नोंदवायला सांगा. मुलाखतीत दाखवायला तिच्याकडं स्वतःचं काहीतरी असेल.