गुलाबाच्या कळ्यांवर मावा पडलाय आणि त्यात काळ्या, काटेरी अळ्याही फिरताहेत. कोणतं औषध मारू?

कोणतंच मारू नका. त्या अळ्या आहेत तोवर तर नकोच.

काळं लांबट अंग, पाठीवर नारिंगी ठिपके, पुढच्या बाजूला सहा पाय आणि सुसरीसारखी चाल, असं तुम्ही लिहिलंय. ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची पिल्लं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल भुंगा सगळे ओळखतात, पण त्याची अळी ओळखत नाहीत आणि कीड समजून मारतात. सुरुवातीला मीही चिमटीत धरून कितीतरी चिरडल्या. त्याची रुखरुख अजून जात नाही.

भिंग असेल तर जरा वेळ कळीपाशी बसा. अळी माव्याचा एक किडा जबड्यात धरते, तो पाय झाडत असतानाच त्याचा रस शोषते आणि सुकलेलं साल टाकून पुढच्याकडे वळते. पूर्ण वाढेपर्यंत ती असे शेकडो किडे संपवते. मग पानाला शेपटीकडून चिकटून कोष करते. कोषाला काडी लावलीत तर तो झटक्यात उभा राहतो! त्यातून निघालेला भुंगा आधी फिकट पिवळा असतो, ठिपके नंतर काही तासांत उमटतात.

आता औषधाचं. माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं देतात आणि आठवडा-दहा दिवसांत ती पिल्लंही व्यायला लागतात. ढालकिड्याला अंडं, अळी, कोष असं करत साधारण महिना लागतो. फवारणीत दोघंही मेले की आधी मावाच परततो, आणि या वेळी त्याला खाणारं कुणी नसतं.

कॅलिफोर्नियात हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवले किडीने बसत चालल्या होत्या. 1888 मध्ये कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियात गेले, तिथून रोडोलिया जातीचे ढालकिडे आणून सोडले आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढे 1940 च्या दशकात बागांत डीडीटी हे कीटकनाशक आलं, ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली.

थोडा मावा झाडावर राहू द्या, तो नसेल तर ढालकिडा तिथे अंडी घालणार नाही. फारच झाला असेल तर अळ्या नसलेले शेंडे पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. खोडावरून मुंग्या चढत असतील तर त्यांना मात्र अडवा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

वांग्याची पानं खरवडून जाळी करणारा एपिलॅक्ना भुंगा ढालकिड्याच्याच कुळातला, पण तो शाकाहारी. त्याची अळी पिवळट आणि अंगभर फांद्याफांद्यांच्या काट्यांची असते. तुमच्या गुलाबावरची ती नव्हे.

आणि छाटणी करताना पानं उलटून बघा. खालच्या बाजूला पिवळ्या, उभ्या, लांबट अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान झाडावरच राहू द्या.