चेहरे रुंद दिसतात? आधी प्लेअर बघा
टीव्हीच्या रिमोटशी झटापट करण्याआधी डीव्हीडी प्लेअरचा सेटअप मेनू उघडा. तिथे 'टीव्ही टाइप' (म्हणजे पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) बहुधा जुन्या चौकोनी टीव्हीच्या ४:३ वर असतो. तो रुंद टीव्हीसाठी १६:९ करा. निम्मी दुखणी इथेच संपतात. मग टीव्हीचा पिक्चर साइझ १६:९ ठेवा, झूम नको. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीचा ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलणारी सेटिंग) बंद करा. पडताळायला पडद्यावर एखादं गोल चाक शोधा, ते अंडाकृती दिसता कामा नये.

आणि हो, वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून घाबरू नका. बरेच चित्रपट २.३९:१ मध्ये असतात, १६:९ म्हणजे जेमतेम १.७८:१. पट्ट्या घालवायला चित्र ताणणारे लोक मला आजवर कळलेले नाहीत. जुन्या ४:३ मालिकांना बाजूच्या पट्ट्या येणारच.