आयतींच्या भेंड्या खेळू नकोस

प्रिय बाळा,
सलाम आणि अनेक दुआ.

कॉलेजातल्या चर्चासत्रात 'इस्लामला इतर धर्मीयांसोबत राहता येतं का?' असं कुणी विचारलंच तर काय बोलू, असं तू लिहिलंयस. आपली माणसं लगेच 'लकुम दीनुकुम वलिय दीन' (तुम्हाला तुमचा धर्म, मला माझा) ही कुराणातली आयत म्हणून मोकळी होतात. समोरचा लढाईची आयत काढतो आणि भेंड्या सुरू होतात. त्यात पडू नकोस.

सुरुवात मदिनेच्या करारापासून कर. इ. स. 622च्या हिजरतीनंतर, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला आल्यावर, मुहाजिर (मक्केहून आलेले मुसलमान), अन्सार (मदिनेतले मुसलमान) आणि ज्यू टोळ्या यांच्यात हा लेखी करार झाला. त्यात म्हटलंय, बनू औफ टोळीचे ज्यू मोमिनांसह (मुसलमानांसह) एक उम्मत, म्हणजे एक समुदाय. ज्यूंना त्यांचा दीन, मुसलमानांना त्यांचा. खर्च ज्याचा त्याने करायचा, पण करारातल्या कुणावर हल्ला झाला तर एकमेकांच्या मदतीला धावायचं. मला यातला रोकडेपणा आवडतो. उगाच गळामिठी नाही.

पुढे हे संबंध बिघडले, लढाया झाल्या, बनू कुरैझा या ज्यू टोळीचा शेवट रक्तरंजित झाला. नंतरच्या फिक्हमध्ये (इस्लामी कायदेशास्त्रात) जिम्मींना, म्हणजे मुस्लिम राज्यातल्या बिगरमुस्लिम प्रजेला, संरक्षण होतं, बरोबरी नव्हती. हे तूच आधी सांगून टाक. लपवलंस तर उरलेलंही कुणी ऐकणार नाही.

देवबंद मदरशाच्या मौलाना हुसैन अहमद मदनींनी 1938 मध्ये याच कराराच्या आधारे मांडलं, की हिंदू-मुसलमान मिळून एक कौम (राष्ट्र) होऊ शकते. कवी इक्बाल त्यांच्यावर तुटून पडले. मदनी मात्र शेवटपर्यंत फाळणीच्या विरोधात राहिले. जानेवारी 2016 मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला जमलेल्या उलेमांनीही (धर्मपंडितांनीही) मुस्लिमबहुल देशांतल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी हाच करार पुढे केला. हा मुद्दा सोडू नकोस. आपण थोडे असताना सहजीवन मागणं सोपं. जिथे आपण जास्त, तिथे ते देतो का, हे लोक विचारणारच. विचारू देत.

वेळ उरला तर पैगंबरांचे सहकारी अब्दुल्लाह इब्न अम्र यांची हदीस (परंपरेने नोंदलेली हकीकत) सांग. घरी बकरी कापली होती. घरात आल्या आल्या त्यांनी विचारलं, 'आपल्या ज्यू शेजाऱ्याला दिलं का?' आणि पुन्हा विचारलं, 'दिलं का?' (आपल्या गल्लीत शाकाहारी शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा जातो, तो याच हिशेबात धर.)

भाषणाचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. कराराची कलमं मात्र पुस्तकातून उतरवून घे, व्हॉट्सॲपवरून नको.

तुझा,
चाचा