वडिलांचा हिस्सा ट्रस्टमध्ये, घराला कुलूप. विम्याचं कोणी बघायचं?

प्रश्न : घर वडील आणि काका यांच्या नावे, निम्मं-निम्मं. वडील चार महिन्यांपूर्वी वारले. मृत्युपत्राने त्यांनी आपला हिस्सा ट्रस्टमध्ये ठेवला आहे : आईने हयातभर तिथे राहावं, तिच्यामागे तो नातवंडांना मिळावा. मी आणि परदेशातला माझा भाऊ एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारे) आणि विश्वस्त आहोत. आई सध्या माझ्याकडे असल्याने घर बंद आहे. आगीचा विमा एकट्या वडिलांच्या नावे आहे आणि पुढच्या महिन्यात संपतोय. काका म्हणतात, "पॉलिसी दादाची होती, तुमचं तुम्ही बघा." भाऊ म्हणतो, "तू तिथे आहेस, तूच ठरव." जबाबदारी नक्की कोणाची?

उत्तर : ताई, वडिलांच्या हिश्श्यापुरती ती तुम्हा दोघा विश्वस्तांची. आईला राहण्याचा हक्क आहे. विम्याचा हप्ता तिने भरावा असं मृत्युपत्रात लिहिलं नसेल, तर तो भार तिच्यावर टाकू नका.

'विमा उतरवलाच पाहिजे' असं वाक्य भारतीय न्यास अधिनियम, १८८२ मध्ये नाही. पण कलम १५ प्रमाणे, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी विश्वस्ताने घ्यायची असते. वडिलांनी चालवलेला विमा तुमच्या हातात आल्यावर बंद पडला आणि घर जळालं, तर नातवंडांच्या वतीने जाब विचारला जाईल, आणि तो रास्तच असेल. भाऊही यातून सुटत नाही. कलम ४८ प्रमाणे विश्वस्तांनी कारभार मिळून करायचा असतो, आणि दोघांच्याही हयगयीने नुकसान झालं तर कलम २७ खाली पूर्ण भरपाई कोणा एकाकडूनही मागता येते. त्याची संमती ई-मेलवर घ्या, फोनवरचं बोलणं पुरेसं नाही. ट्रस्टकडे रोकड नसेल तर हप्ता तुम्ही भरा आणि पावती जपा. कलम ३२ प्रमाणे तो ट्रस्टच्या मालमत्तेतून वसूल करता येतो.

खरं सांगायचं तर मला हप्त्यापेक्षा त्या कुलपाची जास्त काळजी वाटते. वडील गेले म्हणून विमा संपला, असं होत नाही. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत मालकी मृत्युपत्राने किंवा कायद्याने पुढे गेली तर संरक्षण टिकतं. पण त्याच अटीत आणखी एक ओळ असते : इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली आणि नुकसानीआधी कंपनीकडून तशी नोंद पॉलिसीवर करून घेतली नसेल, तर संरक्षण थांबतं. पॉलिसीचं बाड काढा आणि ही अट आजच वाचा. ती तुमच्याही पॉलिसीत असेल, तर हप्ता वेळेवर भरूनही दावा फेटाळला जाऊ शकतो. आई परत राहायला जाईपर्यंत नोंदीशिवाय एकही दिवस जाऊ देऊ नका.

काकांकडे भांडणाच्या सुरात जाऊ नका, कारण यात त्यांचंही हित आहे. पॉलिसीवर नाव फक्त वडिलांचं असेल, तर काकांचा निम्मा हिस्सा आजही बहुधा विम्याविना उघडाच आहे. विमा कंपनी ज्याचा मालमत्तेत जेवढा हिस्सा, तेवढंच देते. छप्पर एकच असल्याने संपूर्ण इमारतीची एक पॉलिसी घ्यावी, त्यात काका आणि ट्रस्टचे विश्वस्त अशी दोन्ही नावं असावीत आणि हप्ता निम्मा-निम्मा, हे सगळ्यात बरं. ते नाहीच म्हणाले तर त्यांना सक्ती करता येत नाही. लेखी होकार नसताना त्यांच्या वाट्याचाही हप्ता भरून बसलात, तर वसुलीसाठी करार कायद्याच्या कलम ७० चा आधार घ्यावा लागेल, आणि तो वाद लांबतो. अशा वेळी ट्रस्टच्या हिश्श्याचा स्वतंत्र विमा उतरवा.

काकांचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडून विमा कंपनीला दोघांच्या सहीचं पत्र या आठवड्यात द्या. वडील कधी वारले, विश्वस्त कोण आणि घर कोणत्या तारखेपासून बंद आहे, हे तिन्ही त्यात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.