वॉर्डातली धावपळ म्हणजे व्यायाम नव्हे

प्रिय विद्यार्थिनी,

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीत, सहा-सात तास पायांवर असतेस, संध्याकाळी पाठ धरते. वर विचारतेस, ‘वेगळा व्यायाम हवाच का, की परीक्षेनंतर बघू?’ हवाच, आणि परीक्षेची वाट बघू नकोस.

वॉर्डातलं चालणं तुटक असतं. चार पावलं, थांबा, ट्रे घ्या, नोंद करा. नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे दमसासही वाढत नाही. उभं राहून पाय नुसते जड होतात. हे कुठे उघडं पडतं, ते सीपीआरच्या (हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देण्याच्या) सरावात बघ: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक किमान ५ सेंटीमीटर खोल. थकवा आला की कोपरं वाकतात, दाब उथळ होतो, म्हणूनच दर २ मिनिटांनी माणूस बदलतात. रुग्णाला वर सरकवतानाही तेच. पलंग कंबरेइतका उंच, पायांत अंतर, कंबर पिळायची नाही, हे सगळं तुला पाठ असेल. पण मांड्या थकल्या की भार आपसूक पाठीवर येतो.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही, असा वेग. सलग १० मिनिटांची जुनी अट आता नाही, आणि तुमच्यासारख्यांना ही फार मोठी सोय आहे: कॉलेजला जाताना १५ मिनिटं झपझप, येताना १५. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर आणि उताणं झोपून कंबर उचलणं, प्रत्येकी १० वेळा, दोन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की आकडा वाढव.

बहुतेकींचं घोडं अडतं ते पहिल्याच आठवड्यात. रोज तासभर सुरू करतात, पोटऱ्या धरतात, नाइट लागली की सगळं बंद. नाइटनंतर आधी झोप. चालणं ड्युटीला निघण्याआधी. परीक्षेच्या महिन्यात वेळ निम्मा कर, पण दिवस तेच ठेव.

पाठीची कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून ये.