जपान एकट्या स्त्रीसाठी खरोखर सुरक्षित आहे का?

तुम्ही विचारले आहे की, सहा महिन्यांच्या कामासाठी तुम्ही तोक्योला एकट्या जाणार आहात, ‘जपान म्हणजे काळजीच नको’ असे म्हणून घरचे निश्चिंत झाले आहेत, आणि तुम्हाला मात्र तिथे राहिलेल्या एखाद्या बाईकडून खरी परिस्थिती समजून घ्यायची आहे. मी नोकरीनिमित्त २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षे तोक्योत राहिले, त्यातली पहिली तीन एकटीने. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

घरचे म्हणतात ते बऱ्याच अंशी खरे आहे. मी रात्री अकरा-साडेअकराला स्टेशनवर उतरून पंधरा मिनिटे निर्जन गल्ल्यांतून चालत घरी जात असे, आणि पहिल्या दोन महिन्यांतच माझ्या लक्षात आले की चालताना मी मागे वळून पाहायचे विसरले आहे. डोंबिवलीत असताना तेवढ्याच अंतरासाठी मी किल्ली बोटांमध्ये धरून चालत असे. तिथे सहा-सात वर्षांची मुले पाठीवर चौकोनी दप्तर अडकवून एकटी रेल्वेने शाळेत जातात. लोक कॅफेत जागा अडवण्यासाठी टेबलावर चक्क पर्स ठेवून काउंटरवर जातात. आणि जवळजवळ प्रत्येक स्टेशनाबाहेर ‘कोबान’ म्हणजे छोटी पोलीस चौकी असते, जिथे पत्ता विचारायलासुद्धा निःसंकोच जाता येते. या मोकळेपणाने माझ्या आयुष्यात काय भर घातली हे शब्दांत सांगणे कठीण आहे. तो तुम्हालाही मिळेल आणि तुम्ही तो मनसोक्त घ्यावा.

मात्र जपानमध्ये बाईला सांभाळायची असते ती सकाळची आठची गाडी. आपल्याकडे आपण अंधाराला घाबरायला शिकतो, आणि तिथे नेमकी भर दिवसाची, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांची गर्दी धोक्याची असते. गर्दीचा फायदा घेऊन स्त्रीच्या अंगाला हात लावणे याला, आणि तसे करणाऱ्या पुरुषालाही, जपानी भाषेत ‘चिकान’ म्हणतात. ‘चिकान वा हानझाई देसु’, म्हणजे ‘चिकान हा गुन्हा आहे’, अशी भित्तिपत्रके स्टेशनांवर लावलेली असतात. मी पुण्यात जपानी शिकून गेले होते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ती भित्तिपत्रके मी अक्षरओळखीचा सराव म्हणून वाचत असे. एखादी गोष्ट गुन्हा आहे असे भिंतीभिंतीवर लिहावे लागते ते ती रोज घडते म्हणून, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

२०१७ च्या जूनमधली सकाळ होती. पावसाळा सुरू झाला होता आणि डब्यात प्रत्येकाच्या हातात ओली छत्री होती. गर्दी इतकी की उचललेला पाय पुन्हा खाली ठेवायला जागा नव्हती. मला मागे काहीतरी टोचू लागले तेव्हा ती कोणाच्या तरी छत्रीची मूठ असेल असे मला वाटले. पुढच्या स्टेशनापर्यंत मी तसेच समजून चालले, आणि मग ती मूठ हलली. मी लेडीज डब्यात वाढलेली मुलगी आहे. कोपर कसे वापरायचे आणि आवाज कसा चढवायचा हे मला कॉलेजात असल्यापासून येत होते, आणि मुंबईत एक बाई ओरडली की अख्खा डबा तिच्या बाजूने उठतो हेही मी पाहिलेले होते. तरीही त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या डब्यात कोणीही बोलत नव्हते, आणि ती शांतता मोडणे हाच जणू माझा अपराध ठरेल असे मला वाटत होते. शिवाय मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. क्रियापदाचे आदरार्थी रूप वापरायचे की साधे, याचा विचार करत होते. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच विचार होता : हा जपान आहे, इथे असे होत नाही, माझाच काहीतरी गैरसमज होत असेल. तीन स्टेशने गेली, दार उघडले, आणि राखाडी रेनकोटातली एक पाठ जिन्याच्या गर्दीत मिसळून गेली. मी फलाटावरच्या बाकावर बसून पुढच्या दोन गाड्या सोडल्या.

मला तुम्हाला सांगायचे आहे ते हेच. देशाचा सुरक्षित असण्याचा लौकिकच कधीकधी बाईचे तोंड बंद करतो. स्वतःच्या अंगाला जे कळले त्यावर ती विश्वास ठेवत नाही, कारण सगळ्या जगाने तिला उलट सांगितलेले असते.

त्या दिवशी दुपारी मी कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना हे सांगितले. त्यांनी जराही आश्चर्य दाखवले नाही. ‘कितव्या डब्यात होतात?’ एवढेच त्यांनी प्रथम विचारले. मग त्या म्हणाल्या की शाळेचा गणवेश घालून जात असताना त्यांच्याबाबतीत हे अनेकदा घडले होते, जिन्यासमोरचे डबे सर्वांत जास्त भरतात म्हणून त्या आयुष्यभर ते टाळत आल्या आहेत, आणि सकाळी मी स्त्रियांच्या डब्यात चढावे. मला जी माहिती पहिल्याच दिवशी मिळायला हवी होती, ती मिळायला एक वर्ष लागले.

या डब्यांविषयी नीट समजून घ्या. तोक्योत केइओ या रेल्वेमार्गावर डिसेंबर २००० मध्ये रात्री उशिराच्या गाड्यांना स्त्रियांसाठी वेगळा डबा जोडून पाहिला गेला, २००१ मध्ये तो नियमित झाला, आणि २००५ पासून तोक्यो परिसरातल्या अनेक मार्गांवर सकाळच्या गर्दीत असे डबे सुरू झाले. फलाटावर तो डबा जिथे थांबतो त्या जागी जमिनीवर बहुधा गुलाबी पट्टा असतो. बहुतेक ठिकाणी ही सोय कामाच्या दिवशी सकाळच्या ठरावीक वेळेपुरतीच असते, त्यामुळे तुमच्या मार्गाचे वेळापत्रक आधी पाहून ठेवा. ओसाकाच्या मिदोसुजी मार्गावर मात्र कामाच्या दिवशी ती दिवसभर असते. आपल्याकडे स्त्रियांच्या डब्यात शिरणाऱ्या पुरुषाला रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली दंड होतो. जपानमध्ये तसा कायदा नाही, ती प्रवाशांना केलेली सहकार्याची विनंती आहे. लहान मुलगे, अपंग प्रवासी आणि त्यांचे सोबती त्या डब्यातून जाऊ शकतात, तेव्हा एखादा पुरुष दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

याच मिदोसुजी मार्गावर १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये एका तरुण स्त्रीने दोन पुरुषांना दुसऱ्या बाईची छेड काढताना हटकले, आणि त्या दोघांनी सूड म्हणून तिचा पाठलाग करून तिच्यावर बलात्कार केला. गाडीतल्या कोणीही तिला मदत केली नव्हती. त्यानंतर ओसाकातल्या स्त्रियांनी एकत्र येऊन रेल्वेकडे जाब मागितला, आणि स्टेशनांवरची भित्तिपत्रके, घोषणा, वेगळे डबे यांच्यामागे त्या आणि नंतरच्या अनेक स्त्रियांचा हट्ट आहे. मला त्यांच्याविषयी फार कृतज्ञता वाटते.

प्रत्यक्ष प्रसंग आलाच तर दोनच शब्द लागतात : ‘यामेते कुदासाई’, म्हणजे ‘हे थांबवा’. व्याकरणाचा विचार करू नका. हेही बोलता येणार नाही असे वाटत असेल तर तोक्यो पोलिसांचे ‘देजी पोरिसु’ नावाचे मोफत अॅप फोनमध्ये घालून ठेवा. त्यातले बटण दाबले की पडद्यावर ‘चिकान आहे, मदत करा’ असा जपानी मजकूर येतो, तो शेजारच्या प्रवाशाला नुसता दाखवता येतो. पुन्हा दाबले की फोनच मोठ्याने ‘यामेते कुदासाई’ म्हणतो. जपानी पोलिसांनाच असे अॅप काढावे लागले, यावरून तिथल्या मुलींनाही आवाज फुटत नाही हे ध्यानात येईल. उतरल्यावर फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगा किंवा ११० हा पोलिसांचा क्रमांक फिरवा. अंगावरचे कपडे धुऊ नका आणि संशयिताचा हात धरला गेला असेल तर तेही पोलिसांना सांगा, कारण हातावर कपड्याचे धागे सापडतात का हे ते तपासतात. तोक्योच्या स्थानिक नियमाखाली चिकानसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक गुन्ह्यांसाठी पोलिसांचा #८१०३ हा वेगळा क्रमांक आहे, आणि वैद्यकीय व इतर आधारासाठी #८८९१. पोलिसांकडे जाताना जपानी बोलणारे कोणीतरी सोबत न्या. सगळी हकीकत परक्या भाषेत पुन्हा पुन्हा सांगणे फार जड जाते.

दुसरी सावध राहण्याची जागा म्हणजे कार्यालयीन मद्यपानाच्या बैठका. पेला रिकामा दिसला की शेजारचा तो भरतो, आणि नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटू लागते. पेला भरलेलाच ठेवला की प्रश्न मिटतो. मी पहिल्या भेटीतच ‘मी पीत नाही’ असे सांगून उलोंग चहा मागवत असे आणि कोणीही वाईट वाटून घेतले नाही. शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, ती चुकवू नका. टॅक्सी सुरक्षित असते, पण रात्री दहानंतर भाडे वाढते. काबुकिचो या तोक्योतल्या रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीसारख्या भागात दुकानाकडे ओढून नेणाऱ्या दलालांना उत्तरसुद्धा देऊ नका.

कायद्याची बाजू अलीकडे खूप सुधारली आहे. १९०७ च्या दंडसंहितेत बलात्कार सिद्ध करायला मारहाण किंवा धमकी दाखवावी लागे. पत्रकार इतो शिओरी यांनी नाव आणि चेहरा न लपवता २०१७ मध्ये आपल्यावरील बलात्काराची तक्रार जाहीरपणे मांडली. फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण डिसेंबर २०१९ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने दिवाणी दाव्यात त्यांना ३३ लाख येनची भरपाई मंजूर केली. त्याच वर्षी एप्रिलपासून दर महिन्याच्या ११ तारखेला लैंगिक हिंसेच्या निषेधार्थ स्त्रिया हातात फुले घेऊन शहराशहरांत उभ्या राहू लागल्या. मीही दोनदा तोक्यो स्टेशनासमोर गेले होते, आणि घोषणांवाचून इतक्या बायकांना एकमेकींचे ऐकत उभे राहिलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. जुलै २०२३ पासून संमती नसणे हाच गुन्ह्याचा गाभा मानला जातो, मद्याच्या अमलाखाली असणे हेही संमती देता न येण्याचे कारण धरले जाते, आणि चोरून अश्लील छायाचित्र काढण्याविरुद्ध देशभर लागू असलेला कायदाही आला आहे. तिथल्या फोनमध्ये छायाचित्र काढताना आवाज होतोच, तो याच उपद्रवामुळे.

घर घेताना तळमजला टाळा, दारावर किंवा टपालपेटीवर नाव लावू नका, आणि आतले कपडे गॅलरीत वाळत घालू नका, कारण ते चोरीला जातात. या गोष्टी तिथल्या एकट्या राहणाऱ्या मुली सहज पाळतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. मला त्या सकाळविषयी आईला सांगायला सात महिने लागले, आणि सांगितले तेव्हा तिचे पहिले वाक्य ‘पण जपानमध्ये कसे काय?’ असे होते. तिचा दोष नव्हता, तिला तसे कोणी सांगितलेच नव्हते. तुम्ही निघण्यापूर्वीच घरच्यांना गाड्यांमधल्या या प्रकाराची कल्पना देऊन ठेवा, म्हणजे कधी फोन करावासा वाटला तर तुम्हाला जपानपासून सुरुवात करावी लागणार नाही.