गाडी कधी चालू होते, कधी होत नाही : तुमचे प्रश्न

बऱ्याच जणांनी नुसतं 'गाडी स्टार्ट होत नाही' एवढंच लिहून पाठवलंय. अहो, पण सेल्फ (चावी मारल्यावर इंजिनला फिरवणारी मोटर) फिरतो का नाही ते तर सांगा! सेल्फच न फिरणं हा एक आजार, आणि सेल्फ फिरूनही इंजिन न पकडणं हा दुसराच, दोघांचा औषधाला पण संबंध नाही. ज्यांनी नीट लिहिलंय त्यांना आधी उत्तर देतो.

प्रश्न : फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, १८ वर्षं जुनी. सकाळी एका झटक्यात चालू होते, पण चालवून आणून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की सेल्फ मस्त फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काहीच न करता चालू. मेकॅनिकने पेट्रोल पंप बदलला, फरक शून्य.

सेल्फ मस्त फिरतोय ना, मग बॅटरी आणि सेल्फ सुटले, त्यांच्यावर पैसे घालू नका. इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, त्यामुळे बॉनेटखाली पहिली काही मिनिटं गरमी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, आणि जे पार्ट म्हातारे झालेत ते नेमके तेव्हा दगा देतात. माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या पार्टवर. त्याच्या आत बऱ्याचदा बारीक तारेची कॉइल असते, ती तापली की कुठेतरी सुटते आणि थंड झाली की परत जुळते, आणि या सेन्सरचा सिग्नल नसेल तर कॉम्प्युटर ना स्पार्क देतो ना पेट्रोल. पुढच्या वेळी सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो एरवी थोडा हलत असेल आणि नेमका नडल्यावर शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर बघायची (काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, म्हणून थंड असताना एकदा बघून ठेवा).

काटा हलतोय? मग पेट्रोलकडे या. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, मागून पंपाचा दोनेक सेकंद घूंऽऽ आवाज येईल, बंद करा, परत ऑन, असं तीन-चार वेळा करून मग सेल्फ मारा. असं केल्यावर पटकन चालू झाली तर लाइनमधलं प्रेशर गाडी उभी असताना उतरतंय, म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर (प्रेशर सांभाळणारा) किंवा एखादा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). आणि चालू होताना पेट्रोलचा वास, मागून काळा धूर येत असेल तर उलटं आहे, पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, बऱ्याच गाड्यांत तसं केल्यावर कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि ओले प्लग सुकतात. कूलंट टेंपरेचर सेन्सर पण तपासून घ्या, तो गरम इंजिनला थंड म्हणून सांगायला लागला की हाच तमाशा होतो.

माझ्या स्वतःच्या गाडीला हेच झालं होतं, मी शहाणा, आधी प्लग बदलले, मग लीड (प्लगला जाणाऱ्या वायरी), मग इग्निशनची कॉइल, आणि शेवटी निघालं काय तर क्रँक सेन्सरच्या कनेक्टरची क्लिप तुटलेली, गरमीने तो जरासा मागे सरकायचा. मोडक्या क्लिपसाठी तीन पार्ट!

प्रश्न : चावी मारली की फक्त 'टक्' होतं. पाच-सहा वेळा मारल्यावर एकदम चालू. बॅटरी नवीन आहे.

टकटकटकटक असं येत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच मोठा टक् म्हणजे सॉलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा स्विच) ओढला जातोय पण मोटर फिरत नाहीये. मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धी, आणि सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. ते ठीक असेल तर माझी आवडती टेस्ट: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) गेली. वरून छान दिसते हो, पण नटाखाली हिरवं-पांढरं साचलेलं असतं. अर्थिंग आणि पॉझिटिव्हची वायर दोन्ही चांगल्या निघाल्या तर सेल्फचे कार्बन (मोटरला आत करंट पोचवणारे ठोकळे) किंवा सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट झिजलेत. पान्याने सेल्फला ठोकलं की चालू होते तो प्रकार हाच, पण ते ठोकणं फार दिवस पुरत नाही.

प्रश्न : रोज वापरली तर काही त्रास नाही, तीन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन.

आधी इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर काहीतरी करंट खातंय. निगेटिव्ह काढून मधे ऍमीटर लावा, दारं बंद, अर्धा तास थांबा, ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला तिथे चोर. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. डिकीचा दिवा आणि नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम यांना आधी पकडा.

प्रश्न : कार्बोरेटर आणि पॉइंटवाली जुनी गाडी, पावसाळी हवेत नखरे करते.

डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला करंट वाटणारा डबा) कॅप काढा, आतून कोरड्या कापडाने पुसा आणि उजेडात धरून केसासारखी काळी रेघ दिसते का बघा. ती रेघ म्हणजे तडा, करंट तिथून पळतो, पुसून उपयोग नाही, कॅप बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, लीडवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर लीडपण गेल्या. हात लांब ठेवा, झटका जबरदस्त असतो. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच) गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा.

प्रश्न : तोपर्यंत धक्का मारून चालू केली तर चालेल का?

ऑटोमॅटिक असेल तर होणारच नाही. मॅन्युअल असेल आणि फक्त सेल्फ किंवा बॅटरीचा लफडा असेल तर एखाद वेळेस चालेल. पण सेल्फ फिरतोय आणि इंजिन पकडत नाहीये अशा गाडीला धक्के मारत बसू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा पार्ट) जाऊन तिथे पेटतं, आणि तो पार्ट सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडतो.